चाड्यापासून करंड्यापर्यंत : कातीव लाकडाची गोष्ट
— ऊस विकास अधिकारी



गेल्या अंकात आम्ही खोडव्यातील पाचटाविषयी लिहिले होते. या खेपेस ऊस थोडा बाजूला ठेवतो आणि लाकडाविषयी चार गोष्टी सांगतो. ऊस विकास अधिकाऱ्याला लाकडाचे काय, असे कोणी म्हणेल. पण आमची निम्मी चाकरी बांधावरून चालण्यात गेली आहे. बांधावरचे झाड कधी उभे होते, कधी गेले आणि कुठल्या भावाने गेले, हे तलाठ्याआधी आम्हांला कळते.

ज्यांनी तिफणीमागे चालून चाड्यावर मूठ धरली आहे त्यांना एक विचारतो. ते चाडे कधी उलटेपालटे करून नीट पाहिले होते का? चाडे म्हणजे काय, तर लाकडाचा एक जाड वाडगा. वर तोंड पसरट, तळाला भोके. मुठीतून सुटलेले बी त्यात पडते, भोकांतून नळ्यांत उतरते आणि नळ्यांतून फणाच्या मागे सरीत जाते. वाडगा आतून गुळगुळीत नसला तर बी अडते, भोके सारख्या अंतरावर नसली तर एक ओळ दाट उगवते आणि दुसरी विरळ. म्हणजे साऱ्या शेताचे पीक त्या वाडग्याच्या पोटावर अवलंबून. आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला पत्र्याची पेटी असते, आणि जुनी चाडी माळ्यावर पडून आहेत. ती सारी सुताराने कोरून काढलेली नव्हेत. बरीचशी कातलेली आहेत. बाहेरून बारीक गोल कंगोरे दिसले तर समजा, हे कातकाम आहे.

कातणे म्हणजे लाकूड फिरते ठेवून त्याला पटाशी लावणे. आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये बिगरहंगामात मिलचे रोलर लेथवर चढतात आणि त्यांचे झिजलेले दात पुन्हा कापतात, ते सभासदांनी पाहिले असेल. तत्त्व तेच. काम फिरते, हत्यार टेकणावर राहते. पूर्वी गुऱ्हाळावर बाभळीच्या उभ्या लाटांचा चरक असे, त्या दोन लाटांना नवरा-नवरी म्हणत. त्याही गोल आणि एकमेकींना बरोबर लागून हव्यात, नाहीतर रस कमी आणि बैलांना ओढ जास्त.

कुंभाराचे चाकही फिरते, पण कुंभाराला एक सोय आहे. भिंत पातळ झाली तर तो मातीचा गोळा आणखी लावतो. कातारी लाकूड फक्त काढू शकतो. एकदा पटाशी खोल गेली की गेली. म्हणून हे काम हाताचे जितके, तितकेच कानाचे आहे. भिंत पातळ होत जाते तसा लाकडाचा आवाज बदलतो, आणि अनुभवी माणूस त्या आवाजावरच हात आवरतो. आमच्या तालुक्याच्या बाजारात पोळपाट-लाटणी, रव्या आणि भोवरे करणारा एक कातारी आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांचे डोळे आता मंद झालेत, पण चालू लेथवर मान वळवून गिऱ्हाईकाशी बोलतात आणि हात बरोबर जागी थांबतो. मुलगा मात्र पुण्याकडे कंपनीत आहे. "साहेब, लाटणं आता शहरातनं येतं," एवढेच म्हणाले.

जुना लेथ दोरीचा होता. दोन खुंट्यांमध्ये लाकूड धरायचे, त्याला दोरीचे वेढे द्यायचे आणि साथीदाराने दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे ओढायची. कातारी जमिनीवर बसून एका हाताने आणि पायाच्या बोटांनी पटाशी धरी. यात लाकूड पुढे फिरते तेव्हाच कापते. मागे फिरताना पटाशी किंचित उचलून धरायची. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ वाट पाहणे. विजेची मोटर आली तशी ही वाट पाहणे संपले आणि साथीदाराची मजुरीही.

विलायतेतही असाच प्रकार होता. तिथे साथीदाराऐवजी लवचिक लांब दांडा डोक्यावर बांधत. पायाने पावटी दाबली की दोरी खाली येई, पाय उचलला की दांडा ती वर ओढी. १५४५ साली बुडालेले मेरी रोझ नावाचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढले, त्यात खलाशांचे कातीव लाकडी वाडगे मिळाले. तिथल्या सामान्य माणसाचे ताट-वाटी लाकडाचेच होते. या पद्धतीने वाडगे कातून पोट भरणारा इंग्लंडमधला शेवटचा कारागीर जॉर्ज लेली, बर्कशायर परगण्यातल्या बकलबरीचा. १८६९ चा जन्म, १९५८ साली वारला. एल्म झाडाच्या एकाच ठोकळ्यातून तो एकात एक बसणारे तीन-चार वाडगे काढी. आधी बाहेरचा मोठा, मग त्याच्या पोटातून दुसरा, मग तिसरा. आपण मधला गाभा भुसा करून टाकला असता, त्याने त्याचाही वाडगा केला. त्याची हत्यारे रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात ठेवली आहेत. पुढे रॉबिन वुड नावाच्या गृहस्थाने ती हत्यारे पाहून तसा लेथ पुन्हा बांधला आणि हे काम परत सुरू केले. शिकवणारा हयात नव्हता, म्हणून हत्यारांनाच विचारावे लागले.

पाणी सोडणारे लाकूड

आता मुद्द्याचे. आपल्या भागात वाडगा तडकतो, काठवट तडकते, नव्या पोळपाटाला भेग जाते, ती का?

ओल्या लाकडात पाणी फार. ताज्या तोडीच्या कित्येक लाकडांत निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेच असते. ते वाळते तेव्हा लाकूड आकसते, पण सगळीकडून सारखे आकसत नाही. बुंध्याचा आडवा काप डोळ्यांपुढे आणा. मधोमध एक टिपका असतो आणि त्याभोवती वाढीची वर्तुळे. वर्तुळाच्या कडेकडेने लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मे ते मध्यापासून सालीकडे आकसते. उभ्या लांबीत तर जवळजवळ आकसतच नाही. या ओढाताणीत मधला टिपका आत राहिला तर लाकडाला फाटल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून वाडग्यासाठी ठोकळा घेताना ओंडका मध्यातून उभा चिरायचा, टिपका काढून टाकायचा आणि उरलेल्या अर्ध्या भागातून वाडगा काढायचा.

एवढे करूनही ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळल्यावर लंबगोल होतोच. जाणकार कारागीर याला दोन उपाय करतात. एक म्हणजे भिंत इतकी पातळ कातायची की वाडगा वाकडा झाला तरी फुटत नाही, आणि तो वाकडेपणाच शोभा म्हणून विकायचा. हे आपल्या बाजारात चालणार नाही, आपल्याकडे वाकडे भांडे म्हणजे वाकडेच. दुसरा उपाय आम्हांला पटतो. आधी वाडगा जाडाभरडा कातून ठेवायचा, भिंत रुंदीच्या एक दशांश, म्हणजे दहा इंची वाडग्याला एक इंच. मग तो लाकडाच्याच भुशात किंवा कागदाच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायचा, काही महिने. दर पंधरा दिवसांनी वजन करायचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. (काट्याविषयी काही सभासदांची काय मते आहेत ती आम्हांला ठाऊक आहेत. हा काटा घरचाच वापरावा.) मग तो वाकडा झालेला वाडगा पुन्हा लेथवर चढवायचा आणि गोल करायचा. जादा ठेवलेली जाडी त्याचसाठी.

उसाचेही तसेच आहे की नाही बघा. ऊस तुटल्यापासून जितका उशिरा गव्हाणीत पडेल तितके वजन आणि साखर दोन्ही घटतात. ओंडक्याचेही घड्याळ तोड झाल्या क्षणी सुरू होते. चैत्रातल्या उन्हात उघडा टाकलेला ओंडका एक-दोन दिवसांत दोन्ही टोकांना भेगाळू लागतो, कारण पाणी टोकांतून सर्वांत लवकर निघते. टोकांना त्याच दिवशी मेण किंवा घरातला उरलेला जुना रंग जाड थापावा. ओंडका सावलीत, दगडांवर उचलून ठेवावा, नाहीतर वाळवी आधी पोचते. कापताना नुसता रुंदीएवढा कापू नये, दोन्हीकडे चार-सहा बोटे जास्त ठेवावा. भेगा पडल्याच तर त्या जादा भागात पडतात.

एटिकोप्पाका : साखर आणि लाकूड एकाच गावात

आम्ही हा विषय काढला त्याचे खरे कारण आंध्र प्रदेशातील एक गाव आहे. वराहा नदीच्या काठचे एटिकोप्पाका. पूर्वी विशाखापट्टणम जिल्ह्यात होते, २०२२ पासून अनकापल्ली जिल्ह्यात आले. अनकापल्ली म्हटले की आमच्या खात्यातल्या माणसाचे कान टवकारतात. गुळाची मोठी बाजारपेठ तिथे आहे आणि ऊस संशोधन केंद्रही. ज्या वाणांच्या नावात 'को' पुढे 'ए' अक्षर येते ते त्याच केंद्राचे.

आपण सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास सांगताना प्रवरेपासून सुरुवात करतो, आणि ते रास्तच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. पण त्याच्याही सतरा वर्षे आधी, १९३३ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या एटिकोप्पाक्यात शेतकऱ्यांची सहकारी साखर संस्था निघाली होती. त्या दशकात देशात असे चार प्रयत्न झाले, तीन आंध्र भागात आणि एक उत्तर प्रदेशात. त्यांपैकी सहकारी म्हणून टिकला तो एकटा एटिकोप्पाका. आपल्या चळवळीचे हे एक प्रकारे आजोळच.

याच गावात लेथवर लाकूड कातणारी घरे आहेत. तेलुगूत बोम्मलु म्हणजे बाहुल्या, पण कारागीर नुसत्या बाहुल्या करत नाहीत. कुंकवाचे करंडे, डब्या, वाट्या, भोवरे, खुळखुळे सगळे होते. लाकूड तिथे अंकुडु म्हणतात ते, म्हणजे आपला काळा कुडा. डोंगरउतारावर, ओढ्याच्या काठी हा आपल्याकडेही आहे. पांढरी सुवासिक फुले आणि जोडीने लोंबणाऱ्या, टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या लांब शेंगा, एवढ्या खुणेवर ओळखता येतो. पांढऱ्या कुड्याशी गल्लत करू नये, तो निराळा. काळ्या कुड्याचे लाकूड पांढरे, बारीक पोताचे आणि मऊ. पटाशीखाली लोण्यासारखे उतरते आणि कड तुटत नाही. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी होतात तीही मुख्यतः याच लाकडाची.

रंगाची रीत ऐकण्याजोगी आहे. ब्रश नाही, डबा नाही. लाख तापवून तिच्यात रंग मळायचा आणि कांड्या करून ठेवायच्या. कातलेले भांडे लेथवर जोरात फिरत असताना ती कांडी त्यावर दाबायची. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि पातळ थर पसरतो. मग केवड्याच्या जातीच्या पानाची पट्टी दाबून धरली की झळाळी येते. ही लाखही शेतातलीच म्हणायची, पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याची. आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी फळांना रंगरूप निराळे, तिथे चिताऱ्यांची हाताने रंगवण्याची परंपरा आहे. दोन्ही आपापल्या जागी थोर. तुलना करू नये, पण वाडग्याच्या बाबतीत आमचे मत लाखेच्या बाजूने.

मध्यंतरी बाजारी रासायनिक रंग आले. स्वस्त आणि भडक. पण लहान मूल खेळणे आधी तोंडात घालते आणि मग खेळते. अशा रंगांत शिसे असले तर काय होणार ते सांगायला नको. एटिकोप्पाक्याचे सी. व्ही. राजू यांनी कारागिरांना बरोबर घेऊन वनस्पतींचे रंग पुन्हा लाखेत उतरवले. हळदीचा पिवळा, शेंद्रीच्या बियांचा तांबूस, निळीचा निळा. ऐकायला सोपे वाटते, पण पाण्यात विरघळणारा रंग लाखेत बसत नाही, बसला तर उन्हात उडतो, म्हणून वर्षानुवर्षे प्रयोग करावे लागले. २०१७ साली या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली राजूंना पद्मश्री मिळाली. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात आंध्रने याच बाहुल्यांचा चित्ररथ नेला.

आणि कारखाना? ऊस कमी पडत गेला, देणी थकत गेली, आणि गेल्या काही वर्षांत गाळप थांबले. प्रवरेआधीचा कारखाना! ज्या गावात साखरेचा भोंगा वाजायचा त्या गावाचे नाव आज देशभर घेतले जाते ते लाकडी बाहुल्यांमुळे. हे लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही. ज्यांनी सहकारात शेअर घेतले, ऊस घातला, बिलाची वाट पाहिली, ते आपल्यासारखेच शेतकरी होते. कातारी टिकला त्याची कारणे निराळी आहेत. त्याला शेकडो एकर कच्चा माल लागत नाही, चार माणसांत लेथ चालतो. पण एका बाबतीत त्याची आणि कारखान्याची अडचण एकच निघाली. कच्चा माल. वर्षानुवर्षे कुड्याची तोड झाली, लागवड झाली नाही, लाकूड मिळणे अवघड झाले, आणि आता झाडे लावण्यावर जोर द्यावा लागतो. आम्ही गट कार्यालयात बसून ऊसलागणीच्या नोंदीसाठी का मागे लागतो, ते यावरून ध्यानात यावे.

कुड्याचा एक गुण आमच्या डोक्यात राहिला आहे. तोडला की बुंध्यातून पुन्हा फुटतो, म्हणजे त्याचा खोडवा राखता येतो. त्याची पाने वाळली की काळसर निळी पडतात आणि त्यांतून पूर्वी एक प्रकारची नीळ काढत. एकाच झाडात भांडे आणि भांड्याचा रंग.

आपल्या बांधावरचे लाकूड

आपल्या कार्यक्षेत्रात बांधावरचे झाड पडले किंवा पाडले की व्यापारी येतो आणि उभे झाड अंदाजाने मागतो. शिसवी असो, फणस असो की जुनी बाभूळ, जळणाच्या भावात जाते. तिच्या बुंध्यातला दोन हाताचा सरळ तुकडा आणि फांद्या यांना एकच भाव. आमचे म्हणणे इतकेच की बुंधा निराळा काढून ठेवा. शिसव कातायला जड, पण रंग आणि वजन असे की गिऱ्हाईक हातातून खाली ठेवत नाही. फणस पिवळा, मध्यम, कातायला सोपा. आंबा चालतो, पण कीड लवकर लागते. बाभूळ टणक आणि भेगाळणारी, तिला सावलीत वाळवण्याची घाई करू नये. कडुनिंब खाण्याच्या भांड्याला नको, कडू वास जात नाही.

भांड्याला घरचे तेल लावायचे असेल तर शेंगदाण्याचे किंवा करडईचे लावू नका, असा आमचा आग्रह आहे. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते आणि खवट होते. करडईचे वाळते, पण फार हळू. जवसाचे तेल पातळ लावून पुसून घ्यावे आणि काही दिवस हवेत ठेवावे, ते वाळून घट्ट होते. मात्र तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाचटाच्या गंजीजवळ तर मुळीच नको. वापरून झाल्यावर पाण्यात भिजवून किंवा मोकळ्या जागी सुट्या पसरून वाळवाव्यात.

उभे झाड तोडण्याचा विचार असेल तर आधी चौकशी करा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आंबा, फणस, साग, जांभूळ, चिंच अशी झाडे आहेत, आणि स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगी लागते. वादळाने आडवे झालेले झाड असले तरी आधी तलाठ्याकडे कळवलेले बरे.

मामांनी आम्हांला सांगितले आहे की कोणी वाळलेला, टोके राखलेला बुंधा आणला तर ते त्याचा वाडगा करून देतील, मजुरी ठरवून. बारा इंचांहून रुंद त्यांच्या लेथवर बसत नाही. ज्या सभासदांना काळ्या कुड्याचे बी हवे असेल त्यांनी आपल्या गटाच्या ओव्हरसियरकडे नाव व सर्व्हे नंबर लिहून द्यावा. शेंगा तडकण्याआधी काढाव्या लागतात, नाहीतर केसाळ बी वाऱ्यावर उडून जाते. बी आले की पिशव्यांत रोपे करण्याची जागा नर्सरीत ऊसरोपांच्या शेजारी ठेवली आहे. आणि कोणाच्या माळ्यावर जुने कातीव चाडे असेल तर ते चुलीत घालू नका. एकदा आम्हांला दाखवायला आणा.